लाल चिलखताबद्दल थोडं

छोटे खेळण्यातले सैनिक (मिनिएचर) रंगवताना काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरावर, लालचे चार हात देऊनही चिलखत मळकंच दिसतं, आणि कडा उजळायला पांढरा मिसळला की गुलाबी होतं, अशी तक्रार बरेचदा ऐकू येते. दोन्ही खड्ड्यांत मी पडलोय. लाल रंग बरेचसे पारदर्शक असतात, खालचा काळा वर येणारच. आमच्या रत्नागिरीकडे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातसुद्धा, मूर्तीला आधी पांढरा हात देतात, मगच शेल्याचा लाल उठतो. चिलखताला मात्र मी पांढऱ्याऐवजी विटकरी तपकिरी देतो, त्यावर पातळ लालचे दोन-तीन हात. पहिला हात डागाळलेलाच दिसतो, घाबरू नका.

खाचांत काळा नको. लालमध्येच थेंबभर गडद हिरवा मिसळा; लाल दबतो, पण मरत नाही. कडांना नारिंगी. पांढरा फक्त खांद्याच्या गोलाव्यावर, टाचणीच्या टोकाएवढा.

आणि ऐन पावसात स्प्रेचं वार्निश अजिबात नको! गेल्या आषाढात पडवीत बसून मारलं, तर दमट हवेनं अख्ख्या पलटणीवर बुरशी धरल्यासारखा पांढुरका थर आला. ब्रशने लावायचं घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा.