बॅशमधील प्रिंटएफने मराठी नावांचे रकाने वेडेवाकडे येतात

प्रश्न (तुर्भे)

नमस्कार. तुर्भ्याच्या भाजीपाला बाजारातील एका गाळ्याची आवक आणि दर यांची यादी मी लिनक्सवर बॅश या आदेश चालवणाऱ्या शेलच्या स्क्रिप्टने काढतो. नावासाठी प्रिंटएफ या ठरावीक साच्यात मजकूर छापणाऱ्या आदेशाच्या साच्यात टक्का, उणे २० आणि एस, म्हणजे नाव डावीकडे टेकवून २० रुंदीत, असे लिहिले आहे. नावे रोमन लिपीत होती तोवर दरांचा रकाना ओळंब्यात असल्यासारखा सरळ येत असे. मालकांच्या सांगण्यावरून ती मराठीत केल्यापासून गवारीचा दर दूर उजवीकडे, भेंडीचा त्याच्या अलीकडे आणि कोथिंबिरीचा थेट नावाला चिकटून येतो. साच्यात २० नंतर टिंब देऊन पुन्हा २० लिहिले, तेव्हा ‘कोथिंब’ एवढेच उरले आणि पुढे एक फुटके चिन्ह आले. असे का होते?

उत्तर १ (नौपाडा, ठाणे)

बॅशचा प्रिंटएफ रुंदी अक्षरांत मोजत नाही, बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एककात, मोजतो. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातही तसेच आहे, त्यामुळे याला दोष म्हणता येणार नाही. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा अनुस्वार, ३ बाइट घेते. गवार ४ चिन्हांची, म्हणजे १२ बाइटची, म्हणून २० पुरे करायला तिला ८ रिकाम्या जागा मिळतात. भेंडी १५ बाइटची, तिला ५. कोथिंबीर २४ बाइटची असल्याने तिला एकही नाही. टिंबानंतरचे २० हेदेखील बाइटच असल्यामुळे ६ चिन्हांचे १८ बाइट गेल्यावर सातव्या चिन्हाचे, म्हणजे दीर्घ ईकाराचे, दोनच बाइट उरले. ते फुटके चिन्ह त्यांचेच.

झेडएसएच या दुसऱ्या शेलचा प्रिंटएफ चिन्हे मोजतो, गॉक हे मजकूर हाताळण्याचे साधनही चिन्हेच मोजते. तरीही काम पुरते होत नाही, कारण भेंडीची चिन्हे ५ असली तरी मात्रा आणि अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतात, आणि टर्मिनलवर ती साधारणपणे ३ घरेच, म्हणजे एकेका अक्षराच्या रुंदीच्या ३ जागाच, व्यापते.

उत्तर २ (ऐरोली)

सर्वांत कमी कष्टाचा उपाय म्हणजे रुंदी स्वतः मोजूच नये. प्रत्येक ओळीत नाव आणि दर यांच्यामध्ये उभी रेघ ठेवावी आणि सगळी यादी कॉलम या आदेशाकडे उणे टी देऊन सोपवावी. उणे एसने रेघ हा विभाजक कळवावा. तो घरे मोजतो. नव्या आवृत्त्यांत उणे कॅपिटल आरने दराचा रकाना उजवीकडेही टेकवता येतो.

रुंदी ठरावीकच हवी असेल, तर नाव डब्ल्यूसी या मोजणीच्या आदेशाला दोनदा द्यावे: उणे सीने बाइट मिळतात, उणे कॅपिटल एलने घरे. नाव देताना शेवटी नवी ओळ जाऊ देऊ नये, नाहीतर एक बाइट वाढतो. दोहोंतील फरक २० मध्ये मिळवावा, साच्यात आकड्याच्या जागी तारांकन ठेवावे आणि आलेली बेरीज नावाच्या आधी द्यावी. भेंडीसाठी १५ उणे ३ म्हणजे १२, म्हणून रुंदी ३२; प्रिंटएफ १७ जागा सोडतो आणि दर नेमका २० घरांनंतर येतो.

जोडाक्षरांच्या बाबतीत मात्र टर्मिनलांचे आपसांत एकमत नाही. यादी अनेक यंत्रांवर पाहिली जात असेल, तर मी दर आणि आवक आधी छापून मराठी नाव शेवटच्या रकान्यात ठेवीन, म्हणजे त्याच्यामागे जागा भरण्याचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्नकर्ता

डब्ल्यूसीचा दुसरा उपाय हाताने चालवल्यावर अगदी बरोबर आला. पहाटे क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालवल्यावर, मात्र रकाने पुन्हा विस्कटतात. स्क्रिप्ट तीच आहे.

उत्तर २ (ऐरोली)

आपल्या टर्मिनलचे लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरपद्धतीची निवड, क्रॉनला मिळत नसावे. यूटीएफ-८ लोकेल नसले की कॅपिटल एलची मोजणी देवनागरीसाठी निरुपयोगी ठरते, तर बाइटची मोजणी तशीच राहते; म्हणून फरक चुकतो. लोकेल आदेशाला उणे ए देऊन यंत्रावरची यादी पाहावी आणि तीतील एखादे यूटीएफ-८ लोकेल, सी.यूटीएफ-८ असल्यास तेच, स्क्रिप्टच्या पहिल्या काही ओळींत एलसी_ऑल या चलात भरून एक्स्पोर्ट करावे.