मदत हवी आहे: पुलियात (दक्षिण इटली) शेतातलं एकांतातलं घर, सोबत सत्तरीपुढचे आईबाबा

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही आठ जण दक्षिण इटलीत पुलियाला जायचं म्हणतोय. आईबाबा, आम्ही दोघं, धाकटी बहीण, तिचा नवरा आणि एक लहान मूल. आठवी माझी आत्या. रोम, व्हेनिस वगैरे आईबाबांचं यात्रा कंपनीबरोबर पाहून झालंय. या वेळी एकाच घरी आठवडाभर मुक्काम करायचा, सकाळी कुणी बसकडे पळवणार नाही, अशी दोघांची इच्छा आहे.

घर जवळपास ठरलंय. लोकोरोतोन्दो आणि चिस्तेर्निनो या दोन गावांच्या मधे, ऑलिव्हच्या बागेत. एकमेकांना जोडलेल्या त्रुल्ली (शंकूच्या छपराची दगडी घरं; एक घर म्हणजे त्रुल्लो), मागे नवीन बांधलेल्या दोन खोल्या, छोटा पोहण्याचा तलाव. शेजार म्हणाल तर दिसेल एवढ्या अंतरावर एकच घर. दुकान चार किलोमीटरवर. शेवटचा रस्ता कच्चा आणि दोन्ही बाजूंनी दगडी भिंती.

हे घर का, तर बाबांमुळे. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, मूळचे राजापूरकडचे. जांभ्याचे गडगे घालणारी माणसं त्यांनी लहानपणी रोज पाहिली आहेत. त्रुल्लोचं छप्पर चुन्याशिवाय, चुनखडीचा एकेक थर किंचित आत सरकवत रचतात आणि वर त्याच दगडाच्या पातळ चिपा बसवतात, हे वाचल्यापासून ते कागदावर छेद काढत बसलेत. आल्बेरोबेल्लो १९९६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तिथे एक दिवस जाणारच. पण तिथे बऱ्याच त्रुल्लींत आता दुकानं आहेत आणि दिवसा खूप गर्दी असते. बाबांना शेतकऱ्यानं शेतासाठी बांधलेलं घर आतून, निवांत पाहायचंय. पाऊस पडला तर पाणी छपरावरून टाकीत कसं उतरतं, तेसुद्धा. त्यांचा हा उत्साह पाहून मला ते घर सोडवत नाही.

आता अडचणी. बाबांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. तब्येत उत्तम आहे, पण रात्री काही झालं तर त्या कच्च्या वाटेनं मदत कशी येणार, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आई आणि आत्या अंडंसुद्धा खात नाहीत. गाडी फक्त नवरा आणि बहिणीचा नवरा चालवतात, आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं दोघांनीही कधी चालवलेली नाही.

दुसरा पर्याय लोकोरोतोन्दो गावातच आहे. दवाखाना, बेकरी, स्टेशन सगळं चालत. पण तीन मजले, अरुंद जिना, आणि झाड एकही नाही.

तिकडे राहिलेल्यांनी कृपया सांगा: वयस्कर माणसांना घेऊन शेतातल्या घरी राहणं जमतं का? गाडीशिवाय भागेल का? स्वयंपाकघरात आठ जणांचा स्वयंपाक निघेल का? आणि घरमालकाला आधी काय काय विचारून घेऊ?

प्रतिसाद

ताई, मी बारीत (पुलियाच्या राजधानीत) नोकरीसाठी राहिलो आहे, त्या भागात बऱ्याचदा गेलोय. गाडीशिवाय त्या घराचा विचार करू नका. बारीहून मार्तिना फ्रांकाकडे जाणारी स्थानिक रेल्वे आल्बेरोबेल्लो, लोकोरोतोन्दोवरून जाते, पण स्टेशनापासून शेतापर्यंत काही मिळत नाही, आणि रविवारी रेल्वेऐवजी बसवर भागवावं लागतं. दोन्ही चालकांनी भारतातूनच आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. आठ जणांची मोठी गाडी घेऊ नका, दोन लहान घ्या. त्या भिंतींमधून समोरून ट्रॅक्टर आला की मागे जावं लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा. ओस्तुनीसारख्या गावांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, कॅमेरे आहेत, दंड थेट भाड्याच्या गाडीवर लागतो. बाहेर लावा आणि चाला.

विजेचं नक्की विचारा. इटलीत घरगुती जोडणी बहुधा ३ किलोवॉटची असते. इंडक्शन, गिझर आणि एसी एकदम लावलेत तर वीज जाते, आणि मीटर कधीकधी फाटकापाशी असतो. तो कुठे आहे ते पहिल्याच दिवशी उजेडात पाहून ठेवा. शेगडी गॅसची असेल तर आठ जणांचं सहज निघेल. पाणीही विचारा. या चुनखडीच्या पठारावर पाऊस जमिनीत मुरून जातो, नद्या जवळपास नाहीतच. शेतातल्या अनेक घरांना नळ नसतो, टाकी आणि टँकरवर चालतं. पिण्याचं विकत आणा.

जाहिरातीत घराचा राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे का बघा, 'आयटी'पासून सुरू होतो. २०२५ पासून तो लावणं बंधनकारक आहे. नसेल, किंवा मालक संकेतस्थळाबाहेर पैसे मागत असेल, तर ते घर सोडा.

प्रतिसाद

काकांच्या तब्येतीबद्दल लिहिते, मी स्वतः नर्स आहे. मदतीचा क्रमांक ११२. पण शेतातल्या पत्त्यात फक्त वस्तीचं नाव असतं, ते सांगून रुग्णवाहिका घर शोधत बसेल. मालकाकडून अक्षांश-रेखांश घ्या आणि कागदावर लिहून दाराशी चिकटवा. जाड दगडी भिंतींत मोबाइलला रेंज मिळत नाही, कुठे उभं राहिल्यावर मिळते ते आधी शोधा. मार्तिना फ्रांकात सरकारी रुग्णालय आहे, तिथपर्यंतचा रस्ता एकदा दिवसा गाडीनं करून पाहा. औषधांची मूळ नावं असलेली चिठ्ठी इंग्रजीत न्या, आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडे उपयोगाची नाहीत. त्रुल्लोच्या आत दारं ठेंगणी आणि पायऱ्या उंचसखल असतात. आईबाबांची झोपायची खोली नवीन भागातली ठेवा, बाबांनी दिवसभर हवं तितकं त्रुल्लोत बसावं. तलावाला कठडा आहे का तेही विचारा, लहान मूल आहे.

जेवणाची काळजी करू नका. वाळलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं घट्ट वरण आणि वर कडसर पालेभाजी, 'फावे ए चिकोरिया', हा तिथला शेतकऱ्यांचा रोजचा पदार्थ आहे, आईंना आवडेल. मात्र घरात कुणाला जी६पीडीची (रक्तातल्या एका एन्झाइमची, जन्मजात) कमतरता असेल तर बाकला अजिबात नको. कानाच्या आकाराच्या ओरेक्किएत्तेत भाजीबरोबर अँचोव्ही मासा घालतात, दिसत नाही, विचारून घ्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आजच मालकाला वीज, पाणी, अक्षांश-रेखांश, कठडा आणि नोंदणी क्रमांक विचारणारी मेल पाठवली. बाबा म्हणतात, टाकी अजून वापरात असेल तर तिचं झाकण उघडून दाखवाल का, हेही विचार. तेही लिहिलंय. उत्तर आलं की इथे टाकते. तोवर उजव्या बाजूनं गाडी चालवायची सवय कुणी कशी केली, ते कृपया सांगा.