चित्रकलेत 'क' श्रेणी, तरी आर्किटेक्चर : कुणाकुणाचे अनुभव?

वडगावची
काल माळा काढताना चार्ट ठेवायचं जुनं नळकांडं हाताला लागलं. आत २०१४ ची माझी ड्रॉइंगं. आई म्हणाली, भंगारात देऊ का? ओरडलेच तिच्यावर.

बी.एस्सी. फिजिक्स झालं आणि आर्किटेक्ट व्हायचं डोक्यात शिरलं. इथं एम.आर्क.ला (आर्किटेक्चरची पदव्युत्तर पदवी) आधी पाच वर्षांचं बी.आर्क. लागतं. अमेरिकेत तीन-साडेतीन वर्षांचं एम.आर्क. असतं, त्याला कुठलीही पदवी चालते. पण पोर्टफोलिओ हवा, म्हणजे आपल्या चित्रांची-कामांची फाईल. आणि मी शाळेत चित्रकलेला कायम 'क'.

आठ महिने रोज सकाळी दूध तापेपर्यंत स्वयंपाकघर काढायची. कट्टा, मोरी, खिळ्याला टांगलेली झारी. रोज तेच. दूध कितीदा उतू गेलं ते आईला विचारा. शेवटी पोर्टफोलिओत घरचंच गेलं. साडीचा काठ विणायच्या आधी आजोबा ग्राफ पेपरवर चौकटी भरायचे, तो कागद. आणि आमचा खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून विणायचा हातमाग) मधोमध कापला तर कसा दिसेल, ते चित्र. त्याला सेक्शन म्हणतात हेही तेव्हा माहीत नव्हतं. मुलाखतीत सगळा वेळ त्याच पानावर बोलले. बाकी बारा पानं उलटलीसुद्धा नाहीत.

आडवाटेनं गेलेले अजून कोण आहेत? लिहा की.

उद्यमबाग_मेकॅनिकल
मी आहे. वडिलांचं पॅटर्न शॉप. फाउंड्रीला लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा पाडायचे नमुने, करून द्यायचे. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून आमच्या मोजायच्या पट्ट्याच तेवढ्या वाढीव. लहानपणी तीच पट्टी शाळेत नेली आणि भूमितीत मार खाल्ला.

मी पण पोर्टफोलिओत पॅटर्नच टाकले. नुसते फोटो नाही. साच्यातनं सुटायला कुठल्या बाजूला किती टेपर (उतार) दिलाय, ते हातानं लिहून. कॅल्क्युलस आणि फिजिक्स झालंय का, हे बऱ्याच ठिकाणी विचारतात. तिथं आपण इंजिनिअर निवांत.

माती खाल्ली ती पहिल्या स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात. मॉडेल आणा म्हटल्यावर बाकीच्यांनी पुठ्ठा आणला, मी रंधा मारून सागवानाचं नेलं. मॅडम म्हणाल्या, छान आहे, आता हा जिना पलीकडं घे. घेतो कसला! डिंकानं पक्कं केलेलं. त्या रात्री मी पण पुठ्ठा कापायलो.

निपाणीचा_अण्णा
व्हय व्हय, सगळं झ्याक. पैसे कुठनं आणलासा ते कोणच लिवंना.

चिकोडी_पोरगा
अण्णा, मी लिहितो. माझं तिथंच अडलं. ॲडमिशन आली होती. कर्जाला तारण म्हणून शेत द्यायचं ठरलं. बँक महाराष्ट्रातली, आमची पहाणी (इकडचा सातबारा) कन्नडमध्ये. भाषांतर करून आणा म्हणाले. आणलं, तर त्यावर शिक्का पाहिजे. शिक्का मारून नेला तर चुलत्यांची सही पाहिजे. चुलते पहिल्यापासून म्हणत होते, घरं बांधायला गवंडी आहेत की. फी भरायची तारीख गेली. आता साईटवर क्वांटिटी काढायचं काम करतो. वाईट नाही. पण पोर्टफोलिओ परत उघडला नाही.

वडगावची
अरे दादा… काय लिहू. फाईल फेकून मात्र देऊ नकोस.

खानापूरची_कॉमर्स
मी बी.कॉम. नाटा ही प्रवेश परीक्षा देऊन बी.आर्क.ला तरी जाऊ म्हटलं, तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजे. संपलं! मग सीड दिली. ती परीक्षा आयआयटी मुंबई घेते, एम.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीसाठी. तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते, वयाचं बंधन नाही. दुसऱ्या खेपेला निघाली. म्हणजे मी आर्किटेक्ट नाहीच, धाग्यात घुसलेय.

चित्रांचा सराव हलशी गावात. भूवराह नरसिंह देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, ते एका कागदावर बसवता बसवता नाकी नऊ आले. टेप नव्हता, पावलं मोजायची. पुजारी रोज विचारायचे, बाई, सर्व्हे आलाय काय? रस्ता जाणार काय देवळातनं?

निपाणीचा_अण्णा
😂😂 रस्ता आदी निपाणीचा करा म्हणावं

भूगोलवाली_अथणी
एम.ए. भूगोलवर एम.प्लॅन.ला (नगररचनेची पदव्युत्तर पदवी) घेतात, हे कुणी सांगतच नाही. मी तशीच गेले. बाकी नंतर, कुकर लावलाय.

उद्यमबाग_मेकॅनिकल
एक राहिलं. परत येऊन इथं आर्किटेक्ट म्हणून पाटी लावायची तर १९७२ च्या कायद्यानं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. आपली बाहेरची पदवी त्यांना चालते का, हे जायच्या आधी विचारा. मी आल्यावर विचारायलोय.

वडगावची
मी पण! दोघं मिळून जाऊ या रांगेत.

खानापूरची_कॉमर्स
वडगावची, माग अजून आहे का गं घरात? बघायला येईन म्हणते. येताना कुंद्याची मिठाई आणते.

वडगावची
नाही गं. २०१९ च्या पावसात खड्ड्यात पाणी भरलं, लाकूड फुगलं. नंतर खड्डाच बुजवला, वर फरशी घातली. तिथं आता वॉशिंग मशीन आहे. सेक्शन आहे तेवढा, तो दाखवते. कुंदा मात्र आण.

निपाणीचा_अण्णा
कुंद्याला मी पण येतोय. पत्ता टाका.

भूगोलवाली_अथणी
आले. कुकर झाला. कुंदा कधी आहे?