भावाला ९७.८४ पर्सेंटाइल, ओबीसी, पुण्याचं सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज मिळेल का??

बार्शीची_ताई
नमस्कार, भावासाठी विचारतेय, तो स्वतः काही विचारायच्या मूडमध्ये नाहीये. एमएचटी-सीईटी २०२५ (राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा), पीसीएम म्हणजे गणिताचा ग्रुप, ९७.८४ आलेत. ओबीसी, नॉन क्रिमीलेयर आहे, कास्ट व्हॅलिडिटीची (जात पडताळणीची) फक्त पावती आहे. आम्ही बार्शीचे पण अकरावी-बारावी त्यानं लातूरला केली. त्याला कंप्युटरच पाहिजे, आणि पप्पांना सीओईपीच पाहिजे, ब्रँच कुठली का असेना, त्यांच्या साहेबांचा मुलगा तिथं होता म्हणून. एका ॲपमध्ये माहिती भरली तर हिरव्या अक्षरात ८८ टक्के चान्स आलं, तेव्हापासून पप्पा पेढ्यांच्याच गोष्टी करतायत. वर एक काउन्सेलर १५ हजार मागतोय, म्हणतो सीओईपी काढून देतो. मेरिट लिस्ट अजून लागायचीय. खरं काय ते सांगा, गोड बोलू नका.

संगमपुलावरचा
ताई ते १५ हजार आधी वाचव. कॅपमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) कोणी काही काढून देत नसतं, फॉर्म भरायचा तुम्हीच आणि सीट मेरिट नंबरवर लागते.

मी सीओईपीचाच आहे (मेकॅनिकल, चार वर्षं बोट क्लबवर जास्त आणि वर्गात कमी) म्हणून खरं सांगतो, ओपनमधनं कंप्युटर ९९.८ च्या वर जातं, ओबीसीला थोडं खाली येतं पण ९७.८४ पर्यंत नाही येत. म्हणजे कंप्युटर विसरा. मेटलर्जी, सिव्हिल, मॅन्युफॅक्चरिंग यांच्याकडे बघता येईल, तिथंही खात्री नाही, फक्त बघता येईल.

आणि ते ॲप काय करतं, तर मागच्या वर्षीचं पर्सेंटाइल यंदाच्याला लावतं, तिथंच गंडतं सगळं. २०२४ ला पीसीएमला तीन लाखाच्या आत पोरं बसली होती, यंदा ४ लाख २० हजारांच्या वर. भावाच्या पुढं वरचे २.१६ टक्के आहेत ना, तर तेव्हा ते झाले असते साधारण ६,४०० आणि आता झाले ९,१००. पर्सेंटाइल तेच, पुढची रांग जवळपास दीडपट, आणि सीओईपीच्या सीटा काय दीडपट झाल्या नाहीत. सगळे काय कॅपला येत नाहीत म्हणून खरा नंबर याच्याहून बरा येईल, पण मागच्या वर्षीपेक्षा मागंच. म्हणून लिस्ट लागली की नंबर घ्या आणि मागच्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडा, प्रत्येक चौकोनात वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतं, सगळे कंसातलंच वाचतात, तुम्ही वरचा आकडा वाचा.

बार्शीची_ताई
अरे देवा. हे कोणीच नव्हतं सांगितलं. पीडीएफमध्ये एकाच कॉलेजला एस, एच, ओ असं काय काय आहे ते?

कागदपत्रवाले_काका
एस म्हणजे अख्खं राज्य, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याच्या बाहेरचे. सीओईपीला एस बघायचं, तिथं तुम्ही कुठले याचा फरक नाही. पण खासगी कॉलेजात एच आणि ओ वेगळे दिसले तर लक्ष द्या, कारण होम युनिव्हर्सिटी घर कुठंय त्यावरनं नाही, बारावी कुठनं केली त्यावरनं ठरते. बार्शी सोलापूर विद्यापीठात पण भावाची बारावी लातूरची आणि लातूर नांदेड विद्यापीठात, म्हणजे तो नांदेडवाला. पुण्याला तसाही ओ मध्येच गेला असता, पण सोलापूरच्या कॉलेजात एच समजून बघत असाल तर चुकाल.

व्हॅलिडिटीच्या मागं लागा आजपासून. मुदतीत सर्टिफिकेट नाही आलं तर ओपनमधनं धरतात आणि मग आत्ताचा सगळा हिशोब पाण्यात. उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे पर्याय पण टाका, ट्यूशन फी माफ असते, पण त्या सीटा थोड्या म्हणून कटऑफ वर जातं.

मुलीचा_बाप_सांगली
माझं फक्त ऑप्शन फॉर्मबद्दल. आमच्या वेळी एका ओळखीच्या सरांनी सांगितलं की मिळणारं कॉलेज वर टाका, न मिळणारं वर टाकलं तर नंबर फुकट जातो. आम्ही ऐकलं. पहिल्या राउंडला पहिलंच ऑप्शन लागलं, पेढे पण वाटले, आणि मग कळलं की पहिलं लागलं की ते आपोआप फ्रीज, पुढच्या राउंडचा दरवाजा बंद. लिस्ट बघितली तर आम्ही तिसऱ्या नंबरवर टाकलेलं कॉलेज, जे पोरीला मनापासून हवं होतं, ते तिच्या मागच्या मुलीला लागलं होतं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. अजून घरात तो विषय निघाला की मी चहा करायला उठतो.

यंदापासून (२०२५) राउंड चार आहेत आणि नियम अजून कडक झालाय, दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनातलं लागलं तरी फ्रीज, तिसऱ्याला पहिल्या सहातलं. म्हणजे तुमच्या वडिलांनी सीओईपी सिव्हिल एक नंबरला टाकलं आणि लागलं, तर भावाचं कंप्युटर तिथंच संपलं.

संगमपुलावरचा
सांगलीच्या काकांना +१. न मिळणारं वर टाकल्यानं खालचं जात नाही, हे दहा वेळा वाचा. सीओईपी कंप्युटर एक नंबरला खुशाल टाका, नाही लागलं तर सिस्टीम खाली पुढच्या ऑप्शनला बघते इतकंच. फक्त वरच्या सहात असं काही नको जे लागल्यावर घरात रडारड होईल.

खडूस_सिनियर
कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, ज्याला कंप्युटर पाहिजे त्याला कॉलेजच्या नावासाठी मेटलर्जीला घालू नका. माझा रूममेट तसाच आलेला, तिसऱ्या वर्षापर्यंत भट्टीच्या प्रॅक्टिकलला झोपायचा. एआयसीटीईनं (इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची संस्था) २०२४-२५ पासून इन्टेकची, म्हणजे एका ब्रँचला किती सीटा याची, मर्यादा काढलीय, खासगीवाल्यांनी कंप्युटरच्या सीटा वाढवल्यात, त्यात बरं कॉलेज शोधा. पण बरं म्हणजे खरंच बरं, नुसत्या सीटा वाढवलेलं आणि शिकवायला माणूस नसलेलं नको, एकदा जाऊन दुपारी लॅब उघडी असते का बघून या.

संगमपुलावरचा
मेटलर्जीवाले माझे चार मित्र मस्त चाललेत, उगाच बदनाम करू नको. पण पोराला नको असेल तर नको, हे मान्य.

बार्शीची_ताई
सगळ्यांना खूप थँक्यू. भावाला हे सगळं वाचून दाखवलं, भट्टीवाल्या रूममेटवर पहिल्यांदा हसला या आठवड्यात. वहीत लिहायला बसलाय, पहिली सगळी कंप्युटर आणि आयटी, सीओईपीच्या बाकी ब्रँच दहाच्या खाली. पप्पांना दहा पटत नाही, त्यांचं म्हणणं सातला टाका. ते आत्ता कटऑफची पीडीएफ प्रिंट काढायला सायबरवर गेलेत, मला तिथनंच फोन आला, सायबरवाला विचारतोय सगळी हजारच्या वर पानं काढायची का खरंच.