क्लब हाउसमधला 'गोल्डन कम्पस': ग्रुपवरची चर्चा

बी-६०२: काल 'द गोल्डन कम्पस' लावल्याबद्दल कमिटीचे आभार. पण सिनेमा बघून मी फार निराश झाले, आणि ते इथेच लिहायचंय. सिनेमा ज्यावर आहे ते फिलिप पुलमनचं पुस्तक सुट्टीत वाचनकट्ट्यावर मुलांनी माझ्यासोबत वाचलंय. काल लाइट लागल्यावर त्यांतली एक म्हणाली, "मावशी, संपला? पण रॉजरचं काय?"

ए-३०१: अहो ताई, आमच्याकडे तर अस्वल जाम आवडलं. धाकटा रात्री पलंगावरून उड्या मारत होता.

बी-६०२: अस्वल मलाही आवडलं. इयन मॅकेलनचा आवाज शोभलाय योरेकला. तक्रार शेवटाची आहे.

डी-१००४: ताई, मी ॲनिमेशनमध्येच आहे म्हणून सांगतो, २००७ च्या मानाने ते काम अफाट आहे. व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालंय. आणि एवढं जाडजूड पुस्तक दोन तासांत बसवायचं म्हणजे कात्री लागणारच ना.

सी-२०४: शेवट इथे लिहू नका प्लीज! लेक अजून वाचतेय आणि माझा फोन तिच्याच हातात असतो.

बी-६०२: बरं झालं सांगितलंत. तिला म्हणावं, माझे पुढचे मेसेज पुस्तक संपल्यावर वाच.

कमिटी: उद्या सकाळी १० ते १ टाकी धुणार आहेत. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.

बी-६०२: डी-१००४, कात्री कुठे लावली ते बघ. पुस्तकात २३ प्रकरणं आहेत, सिनेमात शेवटची ३ नाहीतच. गोष्टीतली नायिका लायरा मित्राला, म्हणजे रॉजरला, सोडवायला उत्तर ध्रुवाकडे निघते. सोडवते. मग बापाला मदत करायची म्हणून त्याला सोबत घेऊन बापाकडे जाते, आणि तो बापच रॉजरचा बळी देऊन आकाशात दुसऱ्या जगाची वाट उघडतो. ज्याच्यासाठी एवढी पायपीट केली त्याला तिनेच आणून हवाली केलं, तेही भाबडेपणाने. आख्खं पुस्तक त्या क्षणाकडे चाललेलं असतं. सिनेमात दोघं हवाई जहाजात बसून छान छान बोलतात आणि नावं सुरू होतात!
शेवट काढला म्हणून मग मधलाही क्रम फिरवला. पुस्तकात आधी पळवून नेलेल्या मुलांची सुटका, नंतर अस्वलांची लढाई. इथे उलटं.

डी-१००४: तो शेवट शूट झाला होता पण. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला घेऊ म्हणून काढला.

बी-६०२: आणि दुसरा भाग आलाच नाही. अमेरिकेत सिनेमा चालला नाही, विषय संपला. पुढच्यासाठी राखून ठेवलं ते कोणालाच मिळालं नाही, याचंच वाईट वाटतं.

ए-१०२ काका: मी पुस्तक वाचलेलं नाही. पण लहान मुलांना एवढं भयंकर कशाला दाखवायचं? आम्ही नाथमाधवांचं 'वीरधवल' वाचून मोठे झालो, त्यात धाडस होतं, मजा होती.

बी-६०२: काका, हे मुलांसाठीच लिहिलंय. १९९५ चं कार्नेगी पदक मिळालंय याला, ते मुलांच्या पुस्तकांनाच देतात. आणि आपली मुलं झेपवतात हो. एक प्रसंग सांगते. त्या जगात माणसाचा जीव प्राण्याच्या रूपात सतत त्याच्यासोबत असतो. लायराला एका शेडमध्ये टोनी नावाचा पोरगा सापडतो, त्याचा प्राणी त्याच्यापासून कापून टाकलेला. त्याऐवजी तो एक सुका मासा उराशी घट्ट धरून बसलाय. रात्रीत तो मरतो. सकाळी ती बघते तर कोणीतरी मासा काढून कुत्र्यांना घातलेला. ती पोर भडकते. मग सोन्याच्या नाण्यावर त्याच्या प्राण्याचं नाव सुरीने कोरते आणि नाणं त्याच्या दातांमध्ये ठेवते. वाचताना एक मुलगा हळूच म्हणाला, "आजोबांच्या तोंडात तुळशीपत्र ठेवलं होतं तसं." समजावून सांगायची वेळच आली नाही. सिनेमात त्याच्या जागी दुसरा मुलगा सापडतो आणि जिवंत आईपाशी पोचतो.

ए-१०२ काका: हे मनाला लागलं. पुस्तक मराठीत आहे का बघतो. ग्रंथसंग्रहालयात चक्कर असतेच माझी.

डी-१००४: टोनीचं मलाही पटलं ताई. शेवटाबाबत मात्र स्टुडिओचंही बघा. धार्मिक संघटनांनी बहिष्काराची हाक दिली होती, एवढा पैसा लागलेला.

बी-६०२: असेल. पण पुस्तकातली धर्मसत्तेवरची टीका पातळ केली तरी बहिष्कार टळला नाही, आणि वाचणाराही दुखावला. खलनायिका मिसेस कूल्टरसाठी निकोल किडमनसारखी नटी मिळालेली, किती थंड आणि देखणी! म्हणून जास्त हळहळ वाटते. साधाच सिनेमा असता तर मी एवढं लिहिलंच नसतं.

डी-१००४: मग याच गोष्टीवरची मालिका दाखवूया का? बीबीसी-एचबीओची, २०१९ ची. पहिल्या सीझनचे ८ भाग आहेत आणि पहिलं पुस्तक शेवटासकट आहे.

सी-२०४: लेकीचं वाचून होईपर्यंत थांबा हं!

बी-६०२: थांबू की. त्याआधी रविवारी ५ वाजता क्लब हाउसमध्ये मी शेवटची ३ प्रकरणं मोठ्याने वाचणार आहे. ज्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय त्या मुलांना नक्की पाठवा, मोठे आले तरी चालेल. किल्ली कोणाकडे असते?

कमिटी: गेटवर. रजिस्टरमध्ये सही करून घेणे. एसी लावल्यास वेगळा चार्ज.

बी-६०२: पंखे पुरेत.