शॉर्ट स्केल बेस गिटारच्या तारा सांगलीत कुठे मिळतील?

मंडळी, मदत हवी आहे. ओळखीच्या एका मुलाकडून जुना स्क्वायर ब्रॉन्को बेस घेतला. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३० इंची! नेहमीच्या ३४ इंची बेसवर पहिल्या पडद्यांपाशी माझी करंगळी पोचायचीच नाही. हा मांडीवर घेतला की खाली ठेववत नाही. रंग दोन ठिकाणी उडालाय, पण बरंच झालं, जपत बसायला नको.

आता अडचण. जाड ई तार मधल्या पडद्यांवर खरखरते. तारा बदलायच्यात, तर इथल्या दुकानांत ३४ इंचीचेच संच. ते कापून लावले तर जाड भाग खुंटीवर वळताना तार तुटते म्हणतात. कुणी करून पाहिलंय का? भजनात वाजवायचाय (हो, बेस!), आवाज गोल, दबका हवा. म्हणजे फ्लॅटवाउंडच (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारा) ना?

मिरज शेजारीच आहे. तिथल्या सतारमेकरांचा जवारीत (घोडी घासून नाद जुळवण्यात) हात धरणारं कुणी नाही. पण सतारीचे पडदे बांधलेले, सरकवता येणारे; याचे लाकडात ठोकून बसवलेले. ते घासून, ट्रस रॉड (दांडीच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळई) बघून देणारं तिथे कुणी आहे का? साधारण किती घेतात तेही सांगा.