मदत हवी आहे: पिनकोडनंतर रेघ मारून चार आकडे, लिहायचे का सोडायचे?

गंगाखेडकर
दादाला कागद पाठवायचेत. त्यानं टाकलेल्या पत्त्यात पिनकोडचे पाच आकडे, मग आडवी रेघ, मग अजून चार आकडे आहेत. कुरिअरच्या काउंटरवरचा पोरगा म्हणायलाय पिन सहा आकडी असतो, नीट विचारून या. दादा झोपलेला, फोन उचलंना. पाकीट उद्या जायलाच पाहिजे. लवकर सांगा.

तेरणाकाठ
देश कोणता ते लिहा की आधी! ब्राझीलमध्ये पाच आकडे, रेघ आणि तीन आकडे असतात. पोर्तुगालमध्ये चार आणि तीन. कागद कसले आहेत?

गंगाखेडकर
अमेरिका. न्यू जर्सी. कुलमुखत्यारपत्र आहे, दादाच्या सहीला पाठवायलो.

नकाशावेडा
पिनकोडवर विसंबूच नका आता. टपाल खात्यानं मे 2025 मध्ये डिजिपिन आणलाय. दहा अक्षर-आकडे, आणि साधारण चार मीटर बाय चार मीटरची जागा नेमकी सापडते. आमच्या शेतातल्या आखाड्याचासुद्धा निघाला. सगळ्यांनी तोच वापरावा.

तेरणाकाठ
@नकाशावेडा, तो भारतापुरता आहे. न्यू जर्सीच्या पोस्टमनला त्याचा काय उपयोग? आणि इथंही तो पिनच्या जोडीला आहे, पिन रद्द झालेला नाही.

नकाशावेडा
आज जोडीला आहे. वाडी-तांड्यावर पत्ता सांगताना किती हाल होतात ते शहरातल्यांना कळायचं नाही.

जुना_सॉर्टर
गंगाखेडकर, अमेरिकेत पिनला झिप कोड म्हणतात. पाच आकडी झिप 1963 पासून आहे, पुढचे चार आकडे 1983 मध्ये आले. पाच आकड्यांवरून पत्र वाटप करणाऱ्या पोस्टापर्यंत पोचतं. पुढच्या चारांतले पहिले दोन त्या हद्दीतला भाग सांगतात, शेवटचे दोन रस्त्याची एक बाजू, एखादी इमारत किंवा पोस्ट बॉक्सचा गट. ते चार लिहिणं सक्तीचं नाही. घर नंबर, रस्ता, गाव, राज्य बरोबर असेल तर तिकडचं यंत्र पत्त्यावरून ते स्वतः काढतं.
मात्र दादानं घर बदललं असेल तर जुने चार आकडे अजिबात लिहू नका. गाव तेच राहिलं तरी ते बदलू शकतात. खात्री नसली तर पाचच लिहा.

उदगीरची_लेक
दादा, न्यू जर्सीचा झिप शून्यानं सुरू होतो. तो शून्य गाळू नका! एक्सेलमध्ये पत्ता टाकला की शून्य उडतो, आमच्या राखीचं पाकीट त्यानंच अडकलं होतं. अपार्टमेंट नंबरही लिहा, चार आकडे असले तरी तो लागतोच.

तेरणाकाठ
पिनचा विषय निघालाच आहे तर विचारतो. परभणी, नांदेड, बीड, जालना 431 मध्ये, मग आमचं धाराशिव आणि लातूर सोलापूरसोबत 413 मध्ये का?

जुना_सॉर्टर
पहिले तीन आकडे टपालाच्या छाटणीच्या सोयीनं ठरतात, महसुली विभागानं नाही. पिन 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, मराठी, आणि संस्कृतचे मोठे कवी. खात्यात त्यांचं नाव आम्ही मानानं घ्यायचो.

वकील_जालना
पत्ता होईल नीट. कुलमुखत्यारपत्राचं बघा. दादाला म्हणावं सही भारतीय वकिलातीपुढं करा, नाहीतर नोटरी करून अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा दाखला) घ्या. कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. जमिनीच्या कामात लोक नेमके तिथं अडकतात.

गंगाखेडकर
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं वकीलसाहेब. जमिनीचंच काम आहे.
दादा मागच्या वर्षीच नवीन घरात गेलाय, म्हणून पाचच आकडे लिहायलो, शून्यासकट. आता फक्त देशाचं नाव कुठं लिहायचं ते सांगा.

जुना_सॉर्टर
सगळ्यात खालच्या ओळीत, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. गाव, राज्य आणि झिप त्याच्या वरच्या ओळीत. तुमचा पत्ता डाव्या कोपऱ्यात, सहा आकडी पिनसह.